नॉर्वे घसरला म्हणून पेढे कसले वाटताय?

खडूस मास्तर:
सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ढकलपत्र आलं. 'संयुक्त राष्ट्रांनी २०२० च्या मानव विकास अहवालात पर्यावरणाचा हिशोब धरला. पहिला नॉर्वे पंधरा घरं खाली, १३१ वा भारत आठ घरं वर. आजीची राहणी हीच शाश्वत राहणी!' खाली सतरा जणांचे जोडलेले हात. तिथे लिहिलं तर सेक्रेटरी डोळे वटारतो, म्हणून इथे.

आकडे खरे, अर्थ सपशेल चुकीचा. नेहमीचा मानव विकास निर्देशांक (आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न मिळून ० ते १ मधला एक आकडा) घ्यायचा आणि माणशी कार्बन न् माणशी कच्चा माल किती लागला त्या हिशोबाने त्याला कात्री लावायची, एवढंच केलंय. नॉर्वे ०.९५७ चा ०.७८१ झाला, आपण ०.६४५ चे ०.६२६. म्हणजे घसरलो आपणही, फक्त कमी. कारण आपण जाळतो कमी, आणि कमी जाळतो कारण कित्येक घरांत जाळायला काही नाही. नापास पोराने खडू कमी वापरला म्हणून त्याचा नंबर वर!

राहिली आजी. माझ्या आजीची सात बाळंतपणं, जगली तीन. त्या राहणीच्या आरत्या ओवाळायच्या तर ओवाळा, मला बोलावू नका.

'हे टिकेल का' विचारायचं असेल तर गुण कापून भागत नाही, वही लागते. जमिनीखालून काय काढलं, किती खाल्लं, किती दुसऱ्या रूपात ठेवलं. जागतिक बँकेची 'समायोजित निव्वळ बचत' साधारण हेच करते: देशाच्या बचतीतून घसारा (यंत्रं-गाड्यांची झीज) वजा, शिक्षणावरचा खर्च मिळवा, संपलेलं तेल-खनिज-जंगल वजा, धुराचं नुकसान वजा. उत्तर बराच काळ उणे राहिलं की समजायचं, पोरांच्या ताटातलं खातोय. नाउरू आठवा. २१ चौरस किलोमीटरचं बेट, फॉस्फेट विकून सत्तरच्या दशकात जगातल्या श्रीमंतांत. आता बेटाचा मधला भाग उकरून ठेवलेला आणि पैसाही गेलेला.

दीडशहाणी:
मास्तर, वही कोण वाचतं? १९९० मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी मानव विकास निर्देशांक आणला तेव्हा अमर्त्य सेन यांचीही हीच कुरकुर होती, एवढं सगळं एका आकड्यात कसं कोंबायचं. हक यांचं म्हणणं, जीडीपीइतकाच ढोबळ पण त्याच्यापेक्षा शहाणा आकडा हवा, नाहीतर लक्ष कोणी देणार नाही. आणि तसंच झालं की! तुमच्या निव्वळ बचतीसाठी कुठल्या ग्रुपवर सतरा हात जोडले गेलेत?

फ्योर्डकर:
नॉर्वेत स्टॅव्हँगरला बारा वर्षं आहे, तेलातच नोकरी, म्हणजे मी पक्षपाती समजाच. पण मास्तरांनी खरी गंमत सोडली. या कात्रीतला कार्बन धूर निघतो त्या देशाच्या नावावर पडतो. नॉर्वेचं तेल हँबर्गच्या गाडीत जळलं तर नोंद जर्मनीची. कच्च्या मालाचं मात्र उलट, वस्तू वापरेल त्याच्या नावावर. गोव्याचं लोहखनिज चीनमार्गे वॉशिंग मशीन होऊन माझ्या न्हाणीघरात आलं तर बोजा नॉर्वेवर. एकाच कात्रीची दोन पाती दोन दिशांना.

तरी तेलाचा पैसा यांनी उडवला नाही हे मान्य करा. १९९० मध्ये तेलाचा पैसा साठवायच्या निधीचा कायदा, १९९६ मध्ये पहिली भर, आणि सरकारने खर्च करायचा तो साधारण अपेक्षित परताव्याइतकाच, आता ३ टक्के. मुद्दल कायम. भारतात एक राज्य दाखवा असं.

पोफळी:
दाखवते. दाखवण्यासारखं नाही तरी.

आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, गोव्यात डिचोली तालुक्यात. पोफळी, मिरी, वरच्या झऱ्यापासून पाट. शेजारच्या डोंगरावर खाण खोल गेली तसा झरा आधी मार्चमध्ये, मग जानेवारीत आटायला लागला. खनिजाचा थरच पाणी धरून ठेवतो आमच्याकडे. तो उपसायचा म्हणजे पंप लावून पाणी आधी काढायचं. पावसात डंपची, म्हणजे खाणीच्या टाकाऊ ढिगाची, माती पाटात. बाबा दर जूनमध्ये खोरं घेऊन उतरायचे, लाल चिखल काढून बांधावर टाकायचे, पुढच्या सरीला तो परत आत. कंपनीने एकदा टँकर पाठवला, वर मिठाईचा डबा.

त्याच वर्षांत गोवा दरडोई उत्पन्नात देशात अग्रेसर म्हणून भाषणं व्हायची. २०१०-११ मध्ये ५ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. ते उत्पन्न नव्हतं हो, ती विक्री होती. घरातली भांडी विकून पगार झाला म्हणायचं!

फ्योर्डकर, निधी आमच्याकडेही आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं तेव्हा झाला. त्यात खनिजाच्या विक्रीच्या १० टक्के. बाकीच्या नव्वदांचं विचारू नका.

ट्रकवाला बाब:
आली पोफळीबाय. कुळागरवाल्यांचं दुःख सगळ्यांना दिसतं, कारण त्यांना लिहिता येतं.

मी कुडचड्याचा. कर्ज काढून खाणीवर ट्रक घातला. दिवसाला तीन-चार ट्रिपा, त्यातून बहिणीचं लग्न, भावाचं इंजिनिअरिंग. २०१२ मध्ये एका दिवसात खाणी बंद. कर्जाचा हप्ता मात्र बंद झाला नाही. मग २०१८ मध्ये खाणींची ८८ लीज रद्द, पुन्हा बंद. मास्तरांच्या वहीत शिक्षणाचा खर्च मिळवतात ना? माझ्या भावाची फी खनिजातूनच आली. ते 'खाल्लं' की 'दुसऱ्या रूपात ठेवलं', सांगा. आणि फ्योर्डकर, तुम्ही समुद्रातून तेल उपसून पगार घ्यायचा तो शाश्वत, आम्ही दगड वाहिला की पाप?

फ्योर्डकर:
पाप कोण म्हणालं? उगाच तोंडात शब्द घालू नका.

ट्रकवाला बाब:
'एक राज्य दाखवा' कोण म्हणालं? हीटरपाशी बसून.

बोअर ६०० फूट:
भांडा तुम्ही दगडावर. मास्तरांच्या लाडक्या वहीत जमिनीखालचं पाणी धरतच नाहीत, मातीही नाही. जगात सगळ्यात जास्त भूजल उपसणारा देश आपला आणि तोच रकाना गायब. आमच्या शिवारात वडिलांची विहीर चाळीस फूट, माझा पहिला बोअर दोनशे, आता सहाशे, त्यातही फुफाटाच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हाही आजूबाजूला ऊस उभा होता. त्या उसाचे पैसे मात्र उत्पन्नात.

खडूस मास्तर:
बोअरवाले, बरोबर. भूजल नाही धरत, हे मी लिहायला हवं होतं. (लाडकी बिडकी नाही, त्यातल्या त्यात बरी.)

धागा खाणीत गेलाच आहे तर तिथेच बोलू. बाब, तुमच्या भावाची फी ही 'ठेवलं'च्याच बाजूला. पण पोफळीताईंचा झरा गेला तो कोणाच्या खात्यातून? तोटा त्यांचा, फायदा तुमचा आणि बराचसा तिसऱ्याचाच, जो या धाग्यावर नाही.

दीडशहाणी:
म्हणजे वहीतही बेरीज देशाची! कोणाचा झरा, कोणाचा ट्रक ते तिथेही दिसत नाही. मग माझा एक आकडा काय वाईट?

पोफळी:
बाब, माझा राग तुमच्यावर नाही. न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, त्याआधी अडीचपट वेगाने उपसलं. बेतानं काढलं असतं तर तुमचा ट्रकही चालला असता. तो तिसरा, खाणवाला, चीनमध्ये खनिजाचा भाव चढला म्हणून घाईत होता.

ट्रकवाला बाब:
हे आम्हाला तेव्हा कोण सांगत होतं? जास्त ट्रक घाला, म्हणूनच सांगत होते. आणि सावर्ड्याच्या रस्त्यावरची धूळ मीही खाल्लीय, बाय. आईला अजून दम लागतो.

बरं, करा वजाबाकी. झरा वजा करा, धूळ वजा करा. माझ्या ट्रकचा घसारासुद्धा वजा धरा म्हणजे झालं.

खडूस मास्तर:
घसारा पहिल्याच ओळीत वजा होतो, बाब. कुठल्या सालची गाडी?

ट्रकवाला बाब:
२००८. घरामागे उभी आहे. टायर विकले, हौद्यात आई मिरच्या लावते.