कवचवाले अमीबा नुसत्या डीएनएवर ओळखायचे? मला नाही पटत

हिप्परगेकर: काल इथं एकांनी लिहिलं, "कवच बघून अमीबाची जात ठरवणं बंद करा, सीओआय जीन (जाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) वाचा, मायक्रोस्कोप मोडीत काढा." वाचून डोकंच फिरलं. पीटच्या (दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) थरांत हजारो वर्षांपूर्वीची रिकामी कवचं सापडतात, त्यावरून तिथं पूर्वी पाणी किती वर होतं ते काढतात. आत पेशीच नाही तर जीन कशाचा वाचणार?

एम्एस्सी_झूलॉजी: दादा ते काल मीच लिहिलं. मेलेल्यांचं राहू द्या, जिवंतांचं बोला. हायलोस्फेनिया पॅपिलिओ हा कवचवाला अमीबा इतकी वर्षं एकच जात समजत होते, सीओआय वाचला तर आत डझनभर वेगळ्या वंशरेषा निघाल्या. कवचावरून कुणाला कळलं होतं?

हिप्परगेकर: ते स्फॅग्नम शेवाळातलं, आपल्या सोलापुरात कुठाय स्फॅग्नम! कवचवाल्यांतच बघा, आर्सेलाचे छद्मपाद (सरकायला पेशीतून बाहेर निघतात ते पाय) बोटासारखे, युग्लिफाचे धाग्यासारखे, हा फरक मायक्रोस्कोपनंच दाखवला, डीएनए यायच्या कितीतरी आधी.

एम्एस्सी_झूलॉजी: आणि अँफिट्रेमा? तोही कवचवालाच. धाग्यासारखे छद्मपाद म्हणून युग्लिफाच्या पंगतीला बसवलं होतं, 2013 ला 18एस जीन (नातं शोधायला वापरतात तो आणखी एक जीन) बघितला तर ते भलत्याच शाखेतलं, लॅबिरिंथुला नावाच्या वेगळ्याच सूक्ष्मजीवांच्या जवळचं. आता बोला.

होटगीरोड_ताई: तुम्ही दोघं कुठला मायक्रोस्कोप धरून भांडताय? आमच्या कॉलेजात चांगले मायक्रोस्कोप होते, सगळे कपाटात कुलूप लावून, बाहेरून परीक्षक आले की तेवढे बाहेर. मी बीएस्सी केलं आणि जिवंत अमीबा एकदाही बघितला नाही, फक्त जर्नलमध्ये आकृत्या काढल्या, त्यापण सीनियरच्या बघून.

पार्क_चौक: खरंय ताई, आमच्याकडं पण तेच. लेन्सला बुरशी लागली तरी कुलूप उघडंना बे. फुटला तर भरून कोण देणार म्हणतात. वापरायलाच नाही तर घेतले कशाला?

होटगीरोड_ताई: भरपाईची भीती घालून पोरांना लांब ठेवायचं आणि वर म्हणायचं पोरांना प्रॅक्टिकलची आवड नाही. संताप येतो.

हिप्परगेकर: अहो विषय काय, चाललंय काय!

होटगीरोड_ताई: विषयच हा आहे. मायक्रोस्कोप मोडीत काढा म्हणणाऱ्याला आणि वाचवा म्हणणाऱ्याला, दोघांनाही कुलूप दिसत नाही.

एम्एस्सी_झूलॉजी: परत मुद्द्यावर. जेनिंग्ज या प्राणिशास्त्रज्ञानं 1916 सालीच डिफ्लुजिया कोरोना हा कवचवाला अमीबा वाढवून दाखवलं, एकाच अमीबाच्या वंशात कवचावरच्या काट्यांची संख्या कमीजास्त होते. तरी काटे मोजून जात ठरवायची?

हिप्परगेकर: बरं बाबा, नुसत्या काट्यांवर नको, एवढं मानतो, त्यापुढं नाही. पण एकेक पेशी घेऊन डीएनए काढता तेव्हा ती पेशी संपते. आधी कवचाचा फोटो, माप, वाळूचे कण आहेत की सिलिकाचे खवले, हे नोंदवलं नाही तर तुमचा तो सिक्वेन्स (वाचलेला डीएनए) कुणाचा हे पुढच्या माणसाला कसं कळणार? चुकीच्या नावानं डेटाबेसात गेला की पुढचे सगळे तीच चूक ओढत नेतात.

एम्एस्सी_झूलॉजी: फोटो काढायला मी कधी नाही म्हटलं?

हिप्परगेकर: "मोडीत काढा" म्हणजे काय मग?

एम्एस्सी_झूलॉजी: तो शब्द जास्त झाला असेल. पण वंश कुणाचा हे जीनच सांगणार, कवच नाही.

होटगीरोड_ताई: संभाजी तलावाच्या काठचा गाळ मी आणते. मायक्रोस्कोप कोण उघडून देतंय ते सांगा.