स्वतः घेतलेला नमुना कुठे फसतो

मुळशी-भोरच्या वाड्यांतल्या बायकांनी योनीतला नमुना स्वतःच घेतला तर एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू) टेस्ट भरवशाची राहते का, असा प्रश्न आहे. राहते, पण टेस्ट पीसीआरवर, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या प्रती वाढवून शोधण्याच्या पद्धतीवर चालणारी हवी. हायब्रिड कॅप्चर या दुसऱ्या पद्धतीत अशा प्रती वाढवत नाहीत, म्हणून योनीतल्या नमुन्यावर ती कमी पडते. पुण्यातल्या लॅबला दर विचारण्याआधी हे विचारा.

स्वॅब साधारण ५ सेंमी आत घालून २०-३० सेकंद फिरवायचा. पाळीत नको, दोन दिवस आधीपासून योनीत क्रीम, गोळी काही नको. घाईघाईत नुसता टेकवून काढला तर पेशीच येत नाहीत. मशीन त्या बाईच्या पेशींतलं एखादं जनुकही (बरेचदा बीटा-ग्लोबिन) तपासतं. तेच सापडलं नाही तर रिपोर्ट 'इनव्हॅलिड'. हा निगेटिव्ह नव्हे! नमुना पुन्हा घ्यायचा. आणि शिबिरातला नेहमीचा घोळ लेबलांचा: एका वाडीत एकाच नावा-आडनावाच्या दोघी-तिघी निघतात. नळीवर वय आणि नोंदणी क्रमांक हवाच.

विषाणूचा १६ किंवा १८ हा प्रकार आला तर थेट कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची तपासणी), बाकीच्या प्रकारांत आधी पॅप (पेशींची तपासणी) किंवा व्हीआयए (ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी). संसर्ग लैंगिक संबंधातून होतो, पण तो कित्येक वर्षं जुना असू शकतो, तेव्हा नवऱ्यावर संशय नको.

'एकदाच करून काय होणार?' तर २००९ साली प्रसिद्ध झालेला उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातला अभ्यास बघा: १ लाख ३१ हजारांवर बायका, त्यातल्या एचपीव्ही गटात टेस्टची एकच फेरी, आणि तपासणी न दिलेल्या गटापेक्षा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे. अर्थात तिथे पॉझिटिव्ह बायकांना शोधून उपचारही दिले होते.