मदत हवी आहे: छोट्या कंपनीने कमी कार्बनच्या धंद्यात शिरायचं कुठून?

घाईत_आहे
सहा माणसांची कंपनी आहे. कामं आटत चालली आहेत. जो तो म्हणतो कार्बन कमी करण्याच्या धंद्यात वाव आहे, पण नेमकं करायचं काय ते कोणी सांगत नाही. महिनाअखेर भागीदारांना उत्तर द्यायचंय. प्रत्यक्ष केलेल्यांनीच लिहा. सोलर नको, ते बघून झालं.

तारतंत्री
अहो, कंपनी करते काय? उत्पादन, दुरुस्ती, सॉफ्टवेअर?

हिरवं_शेत
बायोचार! काडीकचऱ्याचा कमी हवेत कोळसा करा, जमिनीत घाला, कार्बन क्रेडिट (रोखलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं) विका. मी यातच आहे.

मोजपट्टी
@हिरवं_शेत, क्रेडिटच्या पडताळणीचा खर्चही सांगा की. लहान प्रकल्पाचा नफा तिथेच जिरतो.

हिरवं_शेत
चार-पाच जणांनी एकत्र नोंदणी केली की खर्च वाटला जातो. न करता नावं ठेवू नका.

घाईत_आहे
मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळणं) आणि पंपदुरुस्ती. ग्राहक सगळे कारखाने. बायोचार आमच्या काय कामाचं?

तारतंत्री
मग ग्राहकांच्या पंपांना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र, बसवा. वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळजवळ निम्म्यावर येते, वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते.

मोजपट्टी
सरसकट नाही हो. उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला स्टॅटिक हेड, म्हणजे पाणी चढवायची ठरलेली उंची, असतं; वेग फार उतरवला तर पाणी चढतच नाही. पंखे, कूलिंगचं फिरतं पाणी, जिथे आज व्हॉल्व्ह आवळून प्रवाह कमी करतात, तिथे व्हीएफडी. पंपच गरजेपेक्षा मोठा असेल तर इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) ट्रिम करा, म्हणजे कापून लहान करा.

मी मात्र कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेच्या गळतीपासून सुरुवात करेन. सुट्टीच्या दिवशी यंत्रं बंद, कॉम्प्रेसर तेवढा चालू. लोड-अनलोडवाला, म्हणजे दाब पडला की हवा भरणारा (लोड) आणि पुरला की नुसता फिरणारा (अनलोड), असेल तर घड्याळ लावा. हवा कोणी वापरत नसताना तो लोड घेतोय ती सगळी गळती. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ. दुर्लक्षित कारखान्यात 20 ते 30 टक्के सहज निघते. मग साबणाचं पाणी घेऊन कपलिंग, होसची टोकं, एफआरएल (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) तपासा. फेस आला की तिथे चिठ्ठी बांधा.

गच्चीवाला
अवांतर: घरी सोलर पॅनेल कुठल्या दिशेला लावावीत?

तारतंत्री
उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा.

घाईत_आहे
गळतीचं पटलं. पण पैसे कसे मागायचे? एक ग्राहक म्हणतो, वाचलेल्या विजेत हिस्सा घ्या.

जुनी_मोटर
बेसलाइनवर, म्हणजे कामाआधीच्या वीजवापराच्या नोंदीवर, सही घेतल्याशिवाय हिस्सा नको. आमचं एका ग्राहकाशी यावरूनच फाटलं. उत्पादन वाढलं, बिल वाढलं, म्हणे बचत कुठाय? आठवडाभर वीज मोजणारा पॉवर अ‍ॅनालायझर लावा आणि प्रत्येक नगामागे किती युनिट जातात ते लिहून ठेवा. वाचलेली वीज ग्राहकाच्या स्कोप 2 मध्ये, म्हणजे विकत घेतलेल्या विजेमुळे होणाऱ्या उत्सर्जनाच्या हिशोबात, दिसते, हेही त्याला सांगा. मोठे खरेदीदार तो हिशोब मागतात.

आणि तुमचं रिवाइंडिंग? जुनं वाइंडिंग जाळताना कोअर (मोटरचा लोखंडी गाभा) फार तापला की स्टॅम्पिंगमधलं, म्हणजे त्याच्या पातळ पत्र्यांमधलं, इन्सुलेशन जातं आणि मोटर पुढे कायम जास्त वीज खाते. भट्टीला कंट्रोलर आहे का? कोअर लॉस टेस्ट (गाभ्यात किती वीज वाया जाते ते मोजणं) करता का, आधी आणि नंतर?

घाईत_आहे
कंट्रोलर आहे, टेस्टर नाही. भाड्याने मिळतो का?