'फिश टेप'ला मराठीत काय म्हणावं?

चिंधीसंग्राहक
वीजकामाच्या एका प्रशिक्षण पुस्तिकेचं भाषांतर करतेय. वाचणारी मुलं आयटीआयची, तारतंत्री आणि वीजतंत्री या ट्रेडची. आठव्या पानापर्यंत गाडी छान चालली होती, तिथे 'फिश टेप' आडवी आली. वस्तू साधी आहे. भिंतीतल्या किंवा स्लॅबमधल्या पाइपातून आधी ही लवचीक पट्टी सारायची, पलीकडच्या बोर्डात टोक निघालं की त्याला वायर बांधायची आणि पट्टी माघारी ओढून घ्यायची. मी लिहिलं 'वायर ओढायची पट्टी'. तपासनीसांनी ते काढून 'मत्स्यफीत' केलं. म्हटलं, अहो, पोरं बाजारात जाऊन सुकट घेऊन येतील. त्यावर उत्तर आलं, 'पारिभाषिक शब्द रुळवावे लागतात.'

त्यातून 'फिश' हे क्रियापद म्हणूनही येतं, एकाच पानावर अकरा वेळा. 'ओढणे' सगळीकडे बसत नाही, कारण आधी ढकलायचं असतं, ओढायचं नंतर. साइटवर कानांनी ऐकलेला शब्द कुणाकडे आहे का? कोशातला नको, ते मी पाहिलेत.

दोन_फेज
स्प्रिंग. विषय संपला.

ठाण्यात बावीस वर्षं वायरिंगची कामं घेतोय. नायलॉनची गुंडाळी असते, तोंडाला पितळी टोपी आणि बोटभर लांबीची स्प्रिंग. बेंड आला की ती मान वळवून वाट काढते. त्या बोटभर तुकड्यावरून अख्ख्या वस्तूचं नाव पडलं. 'स्प्रिंग टाक', 'स्प्रिंग मारली का', 'स्प्रिंग अडकली'. फिश टेप म्हणालात तर माझी पोरं तुमच्या तोंडाकडे बघत बसतील.

ओटीवरचा_दिवा
विषय संपला नाही, दोन_फेज. गेल्या वर्षी घरी इंटरनेटची केबल हॉलमधून आतल्या खोलीत न्यायची होती. दुकानात जाऊन रुबाबात 'स्प्रिंग द्या' म्हटलं. त्याने विचारलं, '२० की २५?' मला वाटलं मीटर विचारतोय, म्हटलं २०. घरी येऊन पाहतो तर पीव्हीसी पाइप वाकवायची स्प्रिंग! पाइप वाकवताना तो चेपू नये म्हणून आत घालतात ती, २० मिलिमीटरची. म्हणजे एकाच कामात, एकाच पिशवीत दोन स्प्रिंगा. एक पाइप वाकवायची, दुसरी वायर ओढायची. पुस्तिकेत नुसतं 'स्प्रिंग' लिहिलंत तर पोरगं गोंधळणारच.

दोन_फेज
साइटवर कोणी गोंधळत नाही. एक 'बेंडिंग', एक 'स्प्रिंग'.

समासचक्र
'मत्स्यफीत' हास्यास्पद आहे हे मान्य. पण म्हणून 'स्प्रिंग'ला शरण जायचं हे पटत नाही. 'महापौर', 'दिनांक' हे सावरकरांनी सुचवले तेव्हा लोक हसलेच होते, आज हसतं का कुणी? मी 'कर्षणपट्टी' सुचवतो. कर्षण म्हणजे ओढणं. नेमका आहे, सुटसुटीत आहे, समासही शुद्ध आहे. आणि 'मत्स्यफीत'मध्ये मत्स्य जितका चुकीचा तितकीच फीतही. ती पोर्तुगीज 'फिता'वरून आलेली.

ओटीवरचा_दिवा
पोर्तुगीज शब्द हाकलायचे तर मग चावी, घमेलं आणि पगारही परत करा.

समासचक्र
पगार परत करायला हरकत नाही, वेतन ठेवून घेईन.

आजीचा_बटवा
मला वीजकामातलं ओ की ठो कळत नाही, पण वर्णन वाचल्यावर पहिल्यांदा आठवली ती परकराची नाडी. धुताना नाडी निघून यायची, मग आई नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावून ती नेफ्यातून सरकवत न्यायची. पिन आत आडवी झाली की चाचपून सरळ करायची, आणि मध्येच उघडली की जो काही उद्धार व्हायचा तो इथे लिहिण्यासारखा नाही. आजीकडे त्यासाठी बांबूची चपटी काडी होती, एका टोकाला भोक असलेली. तिचं नाव 'ओवणी'. हा शब्द इतरांकडे होता का ठाऊक नाही, आमच्या घरात होता.

आता बघा, पाइप म्हणजे नेफा, वायर म्हणजे नाडी, आणि तुमची फिश टेप म्हणजे ओवणी. क्रियापद तर तयारच आहे, 'ओवणे'. त्यात आधी सारणंही येतं आणि मग ओढून घेणंही. सुईत दोरा ओवताना आपण दोन्ही करतो की.

चिंधीसंग्राहक
आजीचा_बटवा, हे फार म्हणजे फार आवडलं. 'ओवणे' अकराच्या अकरा जागी घालून पाहिलं, नऊ ठिकाणी चपखल बसलं. उरलेली दोन वाक्यं छताच्या पोकळीतून केबल 'फिश' करण्याची आहेत. तिथे पाइपच नाही, मग नेफा कुठला आणि ओवायचं कशात?

समासचक्र
'नेफा' फारसी आहे, हे नोंदवून ठेवतो.

ओटीवरचा_दिवा
नोंदवला. रजिस्टर फारसी आहे की इंग्रजी, तेही नोंदवा.

धातुसाधित
नाडीवरून एक गंमत. संस्कृतात 'नाडी' म्हणजे मुळात नळी, पोकळ देठ. म्हणून शरीरातल्या नाड्या, म्हणून वैद्य नाडी बघतो. ड आणि ल यांची अदलाबदल धरली तर नळ, नळी, नाला ही सगळी भावंडं दिसतात. म्हणजे जिच्यातून ओवायचं ती नळी, आणि जे ओवायचं ती नाडी, दोन्ही एकाच घरच्या. परकराच्या नाडीचा नळीशी संबंध कसा जुळला यावर माझा एक तर्क आहे: पूर्वी नाडी पोकळ विणलेली असे, गोल गोफासारखी. पण हा तर्कच.

आणखी एक. 'तारतंत्री'तला 'तंत्री' पाहा. 'तंत्र जाणणारा' या अर्थाने तो घडवला असणार, पण संस्कृतात 'तंत्री' म्हणजे वीणेची तार. म्हणजे तारतंत्री झाला 'तारतार'. खुद्द 'तंत्र' हा शब्दही मागावरच्या ताण्याचा आहे. एकूण काय, आजीचा_बटवा यांनी विषय कापडावर नेला तो उगीच नाही.

समासचक्र
'तंत्र + इन्' असा सरळ विग्रह असताना वीणा मध्ये आणायचं कारण कळलं नाही.

दोन_फेज
तारतंत्री हा शब्द मी फक्त जाहिरातीत आणि माझ्या सर्टिफिकेटावर पाहिलाय. आयुष्यात एका माणसाने मला त्या नावाने हाक मारलेली नाही. वायरमन.

खाडीपलीकडे
मी मालवणचा. 'फिश' करायला मराठीत क्रियापद नाही असं कोण म्हणतं? आमच्याकडे गळाने मासे पकडण्याला 'गरवणे' म्हणतात. 'गरी' म्हणजे गळ. आमचे एक काका वायरमन होते. लाकडी पट्टीवर वायर ठोकायचे दिवस संपून पाइप आले, तेव्हा जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) तारेच्या टोकाला आकडा करून ती पाइपात सोडायचे, दुसऱ्या बाजूने दुसरी तार सोडायचे आणि आतल्या आत दोघींची गाठ घालायचे. खालून कुणी विचारलं 'काय करतास?' की वरून उत्तर, 'वायर गरवतंय रे!' खालच्या माणसालाही ते लगेच कळायचं. त्यांनी आयुष्यात इंग्रजी पुस्तिका वाचली नव्हती, म्हणजे हे भाषांतर नव्हे. त्यांना ते काम तसंच दिसलं. दोरी सोडायची, हाताला काही लागतंय का बघायचं, लागलं की हळूच खेचायचं.

छताच्या पोकळीतल्या तुमच्या दोन वाक्यांना 'गरवणे' घ्या. तिथे खरंच मासेमारीच असते.

आजीचा_बटवा
अहाहा. माझी ओवणी मागे घेते.

चिंधीसंग्राहक
मागे घेऊ नका! पण विदर्भ-मराठवाड्यातल्या पोरांना 'गरवणे' कळेल का? पुस्तिका राज्यभर जाणार आहे.

खाडीपलीकडे
'स्प्रिंग' मालवणला कळते ना? मग 'गरवणे' नांदेडला कळू द्या की. शब्दांनी नेहमी एकाच दिशेने प्रवास करायचा असा काही नियम आहे का?

मीटर_रीडिंग
'आकडातार' कशी वाटते? आकडा असलेली तार. अर्थ स्वच्छ, शब्द मराठी.

ओटीवरचा_दिवा
वीजकामाच्या पुस्तिकेत 'आकडा'? महाराष्ट्रात 'आकडा टाकणे' म्हणजे खांबावरच्या तारेवरून फुकटची वीज घेणे. पोरांनी धडा मन लावून गिरवला तर महावितरणचं भरारी पथक दारात आणि विद्युत अधिनियम २००३ चं कलम १३५ गळ्यात.

मीटर_रीडिंग
मागे घेतली. (आकडा काढला.)

बर्फातला_भाऊ
न्यू जर्सीहून लिहितोय. इथली घरं पाहिली की 'फिश' का म्हणतात ते लगेच कळतं. भिंत म्हणजे लाकडी उभे खांब, मध्यापासून मध्य मोजला तर बहुधा १६ इंचांवर, आणि त्यांवर दोन्हीकडून जिप्सम बोर्ड. मधे पोकळी. वरून पोटमाळ्यात पालथं पडायचं, भोक पाडायचं आणि खाली काहीतरी सोडायचं. खाली बायको भिंतीतल्या चौकोनी भोकात हात घालून उभी. 'लागलं का?' 'नाही.' 'आता?' 'काहीतरी लागलं, पण मऊ आहे.' ते इन्सुलेशन असतं. मधे आडवं लाकूड निघालं तर सगळं मुसळ केरात, मग चार-साडेचार फूट लांबीचा लवचीक ड्रिल बिट आणायचा. माझ्याकडे फायबरग्लासच्या, अंधारात चमकणाऱ्या सळया आहेत, एकमेकींत पेचाने जोडायच्या. छतावरून आडवं जायला त्या बऱ्या, कारण गुंडाळीची पट्टी आधार नसला की लोंबते. उभ्या भिंतीत मात्र मण्यांची साखळी खाली सोडून लोहचुंबकाने बाहेर ओढतो. यातल्या कुठल्याही गोष्टीला मी आजवर मराठीत हाक मारली नव्हती. परवापासून घरात 'गरवूया का?' सुरू झालंय.

आपल्याकडे विटांची भिंत, त्यात पोकळी कुठून असणार? म्हणून झिरी मारून पाइप आधीच पुरतात. पोकळीच नाही तर मासा कुठला, आणि शब्द तरी कशाला जन्मेल?

समासचक्र
'झिरी' हिंदी. मराठीत खाच किंवा खोबण.

दोन_फेज
गवंड्याला 'खोबण पाड' सांगून बघा, दाराच्या चौकटीकडे जाईल. सगळे झिरीच म्हणतात.

आणि आता एक मुद्द्याचं बोलतो. नावावरून इतकी चर्चा झाली, पण पट्टी कशाची हे कुणी विचारलं नाही. स्टीलची पट्टी लांब पल्ल्याला चांगली, ढकलताना दुमडत नाही, पण वीज वाहून नेते. ज्या पाइपात चालू वायर आहेत त्यात ती घातलीत तर खेळ खलास. नायलॉनची सुरक्षित म्हणून पोरं बिनधास्त घालतात, पण तिच्या तोंडाला पितळ असतं हे विसरतात. एमसीबी, म्हणजे बोर्डातला वीज तोडणारा स्विच, खाली पाडायचा, टेस्टर लावून खात्री करायची, मग हात घालायचा. पुस्तिकेत 'ओवणी' लिहा नाहीतर 'कर्षणपट्टी' लिहा, पण स्टील की नायलॉन हे प्रत्येक वेळी लिहा.

दुसरं, स्प्रिंग अडकते ती बहुतेक स्लॅबमध्ये. स्लॅब भरताना पाइपाचा जोड सुटतो, सिमेंटचं पाणी आत जातं आणि घट्ट होतं. तिथे जोर लावायचा नाही. माघारी घ्यायची, आत किती गेली होती ते मोजायचं आणि तेवढ्या अंतरावर बाहेरून ठोकून बघायचं. वायर जड चालत असतील तर शंखजिऱ्याची पूड लावायची. काही जण साबणाचं पाणी वापरतात. मी वापरत नाही.

धातुसाधित
शंखजिरं! हा शब्द मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. लहानपणी लंगोटाखाली जे लागायचं तेच. टाल्कम पावडर म्हणजे शंखजिऱ्याचीच पूड. यात जिऱ्याचा काय संबंध?

आजीचा_बटवा
आमच्याकडे नुसतं 'जिरं लाव पोराला' म्हणायचे. एका नव्या सुनेने खरंच फोडणीचं जिरं वाटून आणलं होतं.

चिंधीसंग्राहक
दोन_फेज, चालू वायरचं वाक्य पुस्तिकेत आहेच, पण पितळी टोकाचं नव्हतं. तळटीप घालते. आता कृपया कुणीतरी मूळ प्रश्नाकडे या. उद्या संध्याकाळी पानं द्यायची आहेत. सध्या 'ओवणपट्टी' लिहिलंय आणि पहिल्या उल्लेखात पुढे 'साइटवर हिलाच स्प्रिंग म्हणतात' असं वाक्य जोडलंय. छताच्या दोन वाक्यांसाठी 'गरवणे' ठेवू की नको?

समासचक्र
'ओवणपट्टी'त क्रियापदाला नाम चिकटवलंय, पण 'दळणवळण' चालतं तर हेही चालेल. 'गरवणे' प्रादेशिक आहे. प्रमाण लेखनात नको.

खाडीपलीकडे
प्रमाण कुठल्या खाडीच्या अलीकडचं?

ओटीवरचा_दिवा
ते सगळं खरं, पण मला एक सांगा दोन_फेज. घरच्या कामाला १५ मीटर घ्यावी की ३०? मला अजून ती केबल न्यायचीय.

दोन_फेज
दोन खोल्यांना १५ भरपूर. ३० घेतलीत तर गुंडाळी सोडवण्यातच दिवस जाईल. आणि जुन्या पाइपात आधीच वायर गच्च असतील तर इंटरनेटची केबल त्यात कोंबू नका. लाइटच्या वायरसोबत ती नकोच. कडेने केसिंग पट्टी, म्हणजे झाकणाची प्लास्टिकची पट्टी, मारा, दिसायला वाईट पण डोक्याला ताप नाही.

ओटीवरचा_दिवा
म्हणजे स्प्रिंग लागणारच नाही?

दोन_फेज
लागणार नाही.

धातुसाधित
एक राहिलंच. 'ती स्प्रिंग' की 'तो स्प्रिंग'? आमच्या सोलापुरात सर्रास 'तो' ऐकलाय. मग 'स्प्रिंगा' हे अनेकवचन कुठून आलं?

समासचक्र
'ती'. 'तार' स्त्रीलिंगी म्हणून 'वायर' स्त्रीलिंगी, आणि तिच्या मागे स्प्रिंग.

मीटर_रीडिंग
मग 'पाइप' पुल्लिंगी का? 'नळी'च्या मागे का नाही गेला?

आजीचा_बटवा
कारण तो नेफा आहे.