वीस किलोच्या अलीकडे आणि पलीकडे: ठरावीक किमान शिक्षा न्याय्य म्हणता येईल का?

प्रश्न (माध्यमिक शिक्षक, धुळे जिल्हा)

आमच्या तालुक्यातील एक तरुण टेम्पोचालक गांजाच्या गुन्ह्यात अटकेत आहे. कांद्याच्या गोण्यांखाली 20 किलोंहून थोडा अधिक गांजा सापडला, असे पंचनाम्यात नमूद आहे. गोण्यांखाली काय आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे तो सांगतो. तो खरे बोलतो की खोटे, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि ते येथे विचारायचेही नाही. मला अस्वस्थ केले ते त्याच्या वकिलांनी समजावून सांगितलेल्या हिशेबाने. माल 20 किलोंच्या आत असता, तर दोष सिद्ध झाल्यावर किती शिक्षा द्यायची हे दहा वर्षांच्या मर्यादेत न्यायाधीशांना ठरवता आले असते. 20 किलोंच्या वर गेल्यामुळे आता दहा वर्षांहून कमी शिक्षा देण्याची मुभाच उरत नाही, आणि तोवर जामीन मिळणेही दुरापास्त आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाची शेती होते हे येथे सर्वांना माहीत आहे, आणि नशेने शाळा सुटलेली मुले मी स्वतः पाहिली आहेत, त्यामुळे कायदा सैल व्हावा असे मी म्हणत नाही. तरीही समोर उभ्या असलेल्या माणसाचे वय, त्याचा पूर्वेतिहास आणि गुन्ह्यातील त्याचा वाटा पाहण्याआधीच शिक्षेचा आकडा ठरलेला असावा, हे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी खरोखर आवश्यक आहे का, यावर जाणकारांनी लिहावे.

उत्तर 1 (निवृत्त वकील, जळगाव)

सर, आपण ज्या कायद्याबद्दल लिहिले आहे तो 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांबाबतचा कायदा. मुळात तो आजच्यापेक्षाही कठोर होता. हेरॉइन किंवा चरस यांसारख्या पदार्थांसाठी तेव्हा दोनच कप्पे होते: स्वतःच्या सेवनासाठी बाळगलेले अल्प प्रमाण आणि उरलेले सगळे. चरसाचे अल्प प्रमाण 5 ग्रॅम होते. त्यावर गेले की किमान दहा वर्षे आणि एक लाख रुपये दंड. गोव्यातील एका जर्मन पर्यटकाकडे चरसाचे दोन तुकडे मिळून 12 ग्रॅम सापडले आणि त्याला तेवढीच, म्हणजे दहा वर्षांची शिक्षा झाली, जी उच्च न्यायालयानेही कायम ठेवली. पुढे 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आले की तपासणीसाठी एकच तुकडा पाठवला होता आणि त्याचे वजन 5 ग्रॅमच्या आत होते. दुसरा तुकडा चरसाचाच होता याचा पुरावा नव्हता. शिक्षा सहा महिन्यांवर आली. माणूस तोच होता आणि कृत्यही तेच होते, तरी त्याच्या आयुष्यातील साडेनऊ वर्षे एका न तपासलेल्या तुकड्यावर अवलंबून होती.

2001 च्या दुरुस्तीने मधला कप्पा आणला. गांजासाठी एक किलोपर्यंत अल्प आणि 20 किलोंच्या वर व्यावसायिक प्रमाण ठरले. यामुळे पुष्कळ अन्याय टळला हे मान्य करायलाच हवे, पण 20 किलोंच्या रेषेवरचा कडा तसाच राहिला. मी अनेक वर्षे सत्र न्यायालयात काम केले असून माझे ठाम मत झाले आहे की किमान शिक्षेमुळे तारतम्य वापरण्याचा अधिकार नाहीसा होत नाही, तो केवळ हात बदलतो. न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात, कारणे लिहून आणि अपिलाच्या धाकाखाली वापरायचा अधिकार, माल जप्त करणाऱ्या आणि वजन करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांपासून सुटी झालेली पाने आणि बिया त्यात येत नाहीत. प्रत्यक्षात मात्र देठ, पाने, ओलावा असे सगळे एकत्र काट्यावर चढते, आणि 19 चे 21 होतात.

उत्तर 2 (महिला संघटनेतील कार्यकर्ती, नागपूर)

वकीलसाहेबांचे विवेचन पटण्याजोगे आहे, पण न्यायाधीशांच्या तारतम्यावर एवढा विश्वास ठेवायला आमचा अनुभव मला परवानगी देत नाही. मथुरा प्रकरण विदर्भातले आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. त्यानंतर देशभर झालेल्या आंदोलनातून 1983 ची दुरुस्ती झाली आणि बलात्कारासाठी किमान सात वर्षांची, तर कोठडीतील बलात्कारासाठी किमान दहा वर्षांची शिक्षा आली. पुरेशी आणि विशेष कारणे नोंदवून त्याहून कमी शिक्षा देण्याची सवलतही त्याच कलमात ठेवली गेली, आणि तिचा वापर कसा झाला हे आम्ही पाहिले आहे. 2011 मध्ये सामूहिक बलात्काराच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उभय पक्षांतील तडजोडीचा आधार घेऊन आरोपींची शिक्षा भोगलेल्या साडेतीन वर्षांवर आणली. 2013 मध्ये संसदेने ती सवलतच काढून टाकली, हे योग्यच झाले.

स्वातंत्र्य फक्त आरोपीलाच असते असे गृहीत धरून ही चर्चा पुढे जाऊ नये. रात्री कामावरून घरी परतणाऱ्या बाईलाही स्वातंत्र्य असते, आणि शिक्षा निश्चित असण्यावर ते काही अंशी अवलंबून असते.

उत्तर 3 (निवृत्त वकील, जळगाव)

ताई, आपला मुद्दा मी मनापासून मान्य करतो, आणि म्हणूनच सगळ्या किमान शिक्षा एका मापाने मोजू नयेत असे मला वाटते. बलात्काराच्या कलमात किमान शिक्षा एका कृत्याला जोडलेली आहे, आणि ते कृत्य करणारा माणूस ते जाणूनच करतो. एनडीपीएसमध्ये ती वजनाला जोडलेली आहे. माल विकणारा, पैसा पुरवणारा आणि भाड्याच्या चार पैशांसाठी गाडी चालवणारा, तिघांसाठीही किमान आकडा दहाच वर्षे. त्यातच कलम 35 नुसार आरोपीच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असे गृहीत धरले जाते आणि ती नव्हती हे त्याने निःसंशय सिद्ध करावे लागते. जिथे सिद्धतेचा भार उलटा आहे, तिथेच शिक्षेतील लवचीकताही काढून घेणे मला घटनेच्या कलम 21 शी, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी, विसंगत वाटते.

न्यायालयांनी ही रेषा कुठे ओढली आहे तेही पाहावे. जन्मठेप भोगत असताना खून करणाऱ्याला फाशीखेरीज दुसरी शिक्षाच नाही, असे सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम 303 सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये रद्द केले. 1989 च्या दुरुस्तीने अमली पदार्थांच्या काही पुनरावृत्त गुन्ह्यांसाठी फाशी सक्तीची केली होती. 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती उठवून निवड न्यायाधीशांवर सोपवली, आणि 2014 मध्ये संसदेनेही कलमाचा मजकूर तसा बदलला. फाशीच्या बाबतीत जे तत्त्व आपण मानले, ते गरीब माणसाच्या दहा वर्षांच्या बाबतीत का मानू नये, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. कारणे लिहून किमान शिक्षेच्या खाली जाण्याची वाट निदान केवळ वाहतूक करणाऱ्या, पहिल्यांदाच सापडलेल्या आरोपीसाठी तरी असावी.

उत्तर 4 (व्यसनमुक्ती समुपदेशक, पुणे)

एक गोष्ट या चर्चेत राहून गेली आहे. हा कायदा व्यसनी माणसासाठी दार उघडे ठेवतो: कलम 64-अ नुसार अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचार घेत असेल, तर तिच्यावरील खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. आमच्याकडे एम.डी.च्या (मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या) आहारी गेलेली जी मुले येतात, त्यांच्या पालकांना या कलमाची कल्पनाही नसते. उपचाराला नेले तर पोलिसांपर्यंत बातमी जाईल, या भीतीने ते मुलाला महिनोन्‌महिने घरात दडवून ठेवतात. कठोर शिक्षेची जाहिरात सर्वत्र होते आणि या सवलतीची मात्र कुठेच होत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मथुरा प्रकरणाच्या अंगाने मी या प्रश्नाकडे पाहिले नव्हते. वकीलसाहेब, खटला सुरू व्हायलाच काही वर्षे लागणार असतील, तर शिक्षेआधीची ही कैद कोणत्या हिशेबात धरायची?

उत्तर 5 (निवृत्त वकील, जळगाव)

सर, माझ्या मते स्वातंत्र्याचा खरा संकोच तिथेच होतो. व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम 37 नुसार आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे, आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन देता येत नाही. साक्षीपुरावा होण्याआधी अशी खात्री पटणे फार अवघड असते. मात्र खटल्याच्या विलंबाला मर्यादा आहे. ज्या गुन्ह्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, त्यातील कच्चे कैदी पाच वर्षे तुरुंगात राहिले असतील तर त्यांना अटींवर जामीन द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगितले. 2023 मध्ये त्याच न्यायालयाने खटल्यातील अवाजवी विलंब हा कलम 37 असतानाही जामिनाचा आधार ठरू शकतो, असे स्पष्ट केले. शिक्षा झालीच, तर कोठडीतील काळ तिच्यातून वजा होतो. निर्दोष सुटला, तर त्या वर्षांची भरपाई या कायद्यात नाही.

त्या मुलाच्या वकिलांना दोन गोष्टी बारकाईने पाहायला सांगा: वजन करताना शेंडे वेगळे काढले होते का, आणि कलम 52-अ प्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घेतले होते का.