शब्दचर्चा: कोरियन लिपीत 'अक्षरे' किती, २४ की ११,१७२?

प्रश्न:
संगणकावरच्या हांगुल या कोरियन लिपीबद्दल टिपण लिहिते आहे. एके ठिकाणी तिची अक्षरे २४ असल्याचे वाचले, युनिकोड म्हणजे संगणकावर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारे मानक; त्याच्या तक्त्यात मात्र ११,१७२ दिसली. दोन्हीकडे 'अक्षर' लिहिले तर वाचक गोंधळणार. 'जोडाक्षर' चालेल का?

प्रतिसाद १:
दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण मोजलेल्या गोष्टी वेगळ्या. २४ आहेत ते वर्ण: १४ व्यंजने, १० स्वर. कोरियनमध्ये त्यांना 'जामो' म्हणतात. ते एका चौकोनात रचले की जे तयार होते ते अक्षर. अभंगाच्या चरणात सहा अक्षरे मोजताना आपणही सुटे वर्ण मोजत नाही, तेव्हा हा शब्द इथे शोभतो. फरक एवढाच की त्यांच्या अक्षरात शेवटचे व्यंजनही चौकोनाच्या तळाशी सामावते. त्याला 'बातचिम' म्हणतात. आपण 'हान' दोन अक्षरांत लिहू, ते एकात लिहितात.

'जोडाक्षर' मात्र नको. जोडाक्षरात व्यंजनाला व्यंजन भिडते; 'हान'मध्ये ह आणि न यांच्या मध्ये स्वर आहे.

आता ११,१७२ कुठून आले? जोडव्यंजने आणि जोडस्वर धरून आरंभीची व्यंजने १९, स्वर २१, आणि शेवटाचे पर्याय २८ (२७ बातचिम, शिवाय बातचिम नसणे). यांचा गुणाकार करून पाहा. युनिकोडने हे सगळे संच क्रमाने मांडले आहेत, म्हणून कोणत्याही अक्षराचा क्रमांक तक्ता न बघता काढता येतो. शून्यापासून मोजले तर ह १८वा, आ शून्यावा, शेवटचा न ४था. १८ गुणिले २१, अधिक ०. त्याला २८ने गुणा, ४ मिळवा, युनिकोडमधल्या पहिल्या कोरियन अक्षराचा क्रमांक ४४०३२ मिळवा: ५४६२०. हा 'हान'चा क्रमांक. इतकी देखणी मांडणी मी दुसऱ्या कुठल्या लिपीत पाहिलेली नाही.

प्रतिसाद २:
'वर्ण' आणि 'अक्षर' पटले. तिसरा शब्दही लागेल: त्या क्रमांकासाठी 'संकेतांक'. १९८७च्या कोरियन मानकात फक्त २,३५० तयार अक्षरे होती, बाकीची लिहिताना अडचण यायची. १९९६मध्ये युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत सगळी ११,१७२ आली, पण त्यासाठी आधीची हजारो अक्षरे नव्या जागी हलवावी लागली. जुन्या जागेत पुढे चिनी चिन्हे आली. अक्षर तेच, संकेतांक बदलला! जुना मजकूर असणाऱ्यांची त्यात फार ओढाताण झाली. एकदा दिलेली जागा हलवायची नाही, हा युनिकोडचा नियम त्यानंतरचा.

प्रश्नकर्ती:
आभार. मग 'हान'चा संकेतांक एकच ना? एका तक्त्यात मला तीन दिसले: ४३७०, ४४४९, ४५२३.

प्रतिसाद १:
ते त्यातल्या तीन वर्णांचे. शेवटच्या न चा संकेतांक आरंभीच्या न पेक्षा वेगळा असतो, हेही लक्षात घ्या. तीन वर्ण ओळीने दिले तरी पडद्यावर तेच अक्षर उमटायला हवे आणि शोधताना दोन्ही रूपे सारखी मानायला हवीत. प्रत्यक्षात मॅकवरून आलेल्या कोरियन फाइलचे नाव विंडोजवर कधी कधी सुट्या वर्णांत विखुरलेले दिसते, ते यामुळेच.

हे आपल्याकडेही आहे. 'पुऱ्या'तला ऱ एका संकेतांकाने (२३५३) लिहिता येतो, किंवा र (२३५२) आणि नुक्ता म्हणजे खालचा टिंब (२३६४) असा दोन मिळून. दिसायला एकच, पण शोधयंत्राने काळजी घेतली नसेल तर अर्ध्या पुऱ्या सापडत नाहीत.

प्रतिसाद ३:
या दोन रूपांना एकाच रूपात आणण्याला 'नॉर्मलायझेशन' म्हणतात. 'सामान्यीकरण' लिहू नका, त्याचा अर्थ वेगळा; 'प्रमाणीकरण' तर ओळख पटवण्यासाठीही वापरतात. मी 'एकरूपीकरण' लिहितो आणि पहिल्यांदा येते तिथे एका वाक्यात समजावतो.