कोराडीच्या धुरातून डायमिथाइल कार्बोनेट: याला हिरवं म्हणायचं का?

वर्धारोडकर: नागपुरात केमिकलच्या पोरांना प्रोजेक्ट विचारला की हमखास हेच उत्तर: कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतला कार्बन डायऑक्साइड, मिथेनॉल आणि सिरिया-झिर्कोनिया (सिरियम-झिर्कोनियमचे ऑक्साइड) कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक. त्यातून डायमिथाइल कार्बोनेट, म्हणजे लिथियम बॅटरीतलं द्रावक. जुन्या पद्धतीतला फॉस्जीन हा विषारी वायू नको, हे मान्यच. भोपाळचा मिथाइल आयसोसायनेट त्यापासूनच बनायचा. पण या अभिक्रियेत पाणी तयार होतं, ते काढलं नाही तर रूपांतर ५ टक्क्यांच्याही आत अडकतं. उरलेलं मिथेनॉल ऊर्ध्वपातनात फिरवत राहायचं, त्यात मिथेनॉल आणि डायमिथाइल कार्बोनेटचा अझिओट्रोप, म्हणजे एकत्रच उकळणारं, साध्या ऊर्ध्वपातनाने वेगळं न होणारं मिश्रण. त्यासाठी लागणारी वाफ कोळशावरच ना? त्यापेक्षा मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचा मिश्र ऑक्साइड कॅटॅलिस्ट म्हणून घेऊन बायोडिझेल बनवताना उरणाऱ्या ग्लिसरॉलपासून ग्लिसरॉल कार्बोनेट करा. साधा दाब, १०० अंशांच्या आत काम.

खामल्याचा: सर, त्या ग्लिसरॉलला कार्बोनेट देणार कोण? पुन्हा डायमिथाइल कार्बोनेटच! आणि ते इथिलीन ऑक्साइडच्या मार्गाने आलं, तर पेट्रोकेमिकल आलंच. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनॉलच्या थेट मार्गात डायमिथाइल कार्बोनेटच्या एका टनामागे सुमारे ४९० किलो कार्बन डायऑक्साइड बांधला जातो. पाण्यावरही उपाय आहे: सिरियासोबत २-सायनोपिरिडिन हे पाणी शोषणारं रसायन वापरून जपानी संशोधकांनी ९० टक्क्यांवर उत्पन्न दाखवलंय.

वर्धारोडकर: त्या सायनोपिरिडिनचं पाणी पिऊन पिकोलिनामाइड होतं. त्याचं पुन्हा निर्जलीकरण करायला उष्णता लागतेच. शिवाय कोराडीच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम १२-१५ टक्के आणि सोबत सल्फर. आधी शुद्ध करा, मग दाब द्या. हा हिशोब कोण मांडतो?

प्रयोगशाळेतली: मी मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमवरच काम करते, म्हणून सांगते. दोन्ही धातूंच्या नायट्रेटच्या द्रावणात कॉस्टिक आणि सोडा (दोन्ही सोडियमचे क्षार) सोडून पीएच १० च्या आसपास धरायचा. पांढरा लगदा बसतो. तो धुवून धुवून कंटाळा येतो, कारण सोडियम सुटत नाही. ४५०-५०० अंशांवर भाजल्यावरही ते आत राहिलं, तर पहिल्या बॅचला झकास उत्पन्न मिळतं, कारण काम सोडियमच करत असतं! ते धुऊन गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या बॅचला आकडा कोसळतो. शिवाय पावसाळ्यात हा ऑक्साइड उघडा ठेवला की हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून मंद पडतो. त्यामुळे पुनर्वापराचे आकडे नसतील, तर वर्धारोडकर सर, तुमच्या मार्गालाही मी हिरवा म्हणणार नाही.

खामल्याचा: ताई, म्हणूनच तर सिरिया-झिर्कोनिया बरं. अमोनियाने अवक्षेपण करा, सोडियमचा प्रश्नच नाही.

प्रयोगशाळेतली: बरोबर. पण मग धुण्याच्या पाण्यात अमोनियम नायट्रेट येतं. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत टनांनी कॅटॅलिस्ट बनवाल तेव्हा ते पाणी कुठे नेणार, तेही प्रोजेक्टमध्ये लिहा.